बंदुकीच्या नळीतली दारू

दोन वर्षांपूर्वीच्या रमजानची गोष्ट आहे. आरमोरीत चाँद दिसला होता, मशिदीत तरावीहची तयारी सुरू होती. नमाजला जाताना वाटेत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वय तिशीच्या आसपास, गाडी चालवतो, घरी बायको आणि दोन मुलं. तो रोज पितो हे मला ठाऊक होतं. मोहल्ल्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण कोणी बोलत नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बेटा, आजपासून सोड. एका झटक्यात. अल्लाह मदद करेगा." त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "सर, जबान देता हूँ. आता एक थेंब नाही."

त्याने जबान पाळली. पहिला रोजा कसाबसा गेला. हात थरथरत होते, घाम फुटत होता, रात्री झोप नाही. घरच्यांना वाटलं, उन्हाळ्याचा रोजा आहे, सवय होईल. दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या वेळी खजूर हातात घेताना तो आडवा झाला आणि त्याला झटके आले. शुद्धीवर आला तेव्हा भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून हातांनी झटकू लागला. घरात एकच कल्लोळ. कोणी म्हणालं सावली आहे, कोणी म्हणालं मोहाच्या झाडाखालून संध्याकाळी आला असेल. मोहफुलं पडायचे दिवस होते ते. फुंकर घालणाऱ्याला बोलावणं गेलं. त्यात दोन तास गेले. शेवटी आम्ही चौघांनी उचलून त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रोज दारू घेत होता का? कधी बंद केली?" सगळे जमिनीकडे पाहू लागले. त्याचे चाचा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही मुसलमान आहोत." ते खोटं बोलले नाहीत आणि खरंही बोलले नाहीत. मी तिथेच उभा होतो. मला सगळं माहीत होतं, तरी चाचांच्या पांढऱ्या दाढीकडे पाहून माझीही जीभ उचलली नाही. मग मागे उभा असलेला त्याचा एक दोस्त पुढे आला आणि म्हणाला, "साहेब, तीन वर्षांपासून रोज. परवापर्यंत."

तो वाचला. त्या दोस्ताच्या एका वाक्याने वाचला. नंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर दारू पितो, त्याचा मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो. ती एकाएकी काढून घेतली की मेंदू बेफाम होतो. पहिल्या दिवसापासून थरकाप आणि घाम, साधारण दोन दिवसांच्या आत झटके, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम. उपचार नसेल तर यात माणूस मरतो. "सोडायची होती तर आमच्याकडे आणायचं होतं, सर," ते म्हणाले. "औषध देऊन सोडवली असती. असं झटक्यात कोणी सांगितलं त्याला?"

मी गप्प राहिलो. सांगणारा मीच होतो.

मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास माझा आवडीचा विषय. त्या रमजानच्या उरलेल्या रात्री मी जे वाचलं त्यातून हा लेख आला आहे. प्रश्न साधा होता. नशा वाईट आहे हे कबूल. पण जो त्यात अडकला आहे त्याचा जीव वाचवण्याची अक्कल आपल्याकडे कधी होती की नाही?

उत्तर मला मिळालं ते मुघलांच्या घरात, आणि तेही आपल्या दख्खनच्या मातीत.

अकबर बादशहाचे तीन मुलगे वयात आले. सलीम, मुराद आणि दानियाल. तिघेही दारूत बुडाले. घराण्यात हा रोग आधीच होता. अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम १५८५ मध्ये काबूलला दारूनेच गेला होता. त्यातला मुराद आपल्या वऱ्हाडाशी जोडलेला. दख्खनच्या मोहिमेवर तो आला, बाळापूरजवळ त्याने शहापूर वसवलं. पण पिणं सुटलं नाही. अकबराने अबुल फजलला त्याला घेऊन यायला पाठवलं. अबुल फजल पोचला त्याच सुमारास, मे १५९९ मध्ये, दौलताबादपासून काही कोसांवर पूर्णा नदीकाठच्या छावणीत मुरादने प्राण सोडला. वय पुरतं एकोणतीसही नव्हतं.

दानियाल बुऱ्हाणपूरला होता. मुरादच्या मरणाने हादरलेल्या अकबराने या मुलासाठी कडक बंदोबस्त केला. दानियालचा सासरा म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान, ज्याचे दोहे आपण शाळेत शिकतो. त्याच्यावर जबाबदारी टाकली. पहारे बसले, दारू आत येऊ द्यायची नाही असा हुकूम सुटला. शहजादा नोकरांच्या विनवण्या करू लागला. त्याची एक आवडती बंदूक होती. तिचं नाव त्याने कौतुकाने 'यक्का-ओ-जनाजा' ठेवलं होतं, म्हणजे जिची गोळी लागेल त्याचा जनाजा निघालाच. मुर्शिद कुली खान नावाच्या बंदूकच्याने त्याच बंदुकीच्या नळीत दोनदा गाळलेली दारू भरून आत आणली. नळीत जुन्या बारुदाची काजळी होती, लोखंडाचा गंज होता. तो सगळा त्या दारूत उतरला. दानियाल प्यायला आणि कोसळला, पुन्हा उठला नाही. साल १६०५, वय बत्तीस. बंदुकीने नाव खरं केलं.

ही हकीकत त्याच्या थोरल्या भावाने, म्हणजे जहांगीरने, आपल्या 'तुझुक'मध्ये लिहून ठेवली आहे. जहांगीर दोष गंजाला देतो. मला ते अर्धं उत्तर वाटतं. जे शरीर वर्षानुवर्षे पोखरलं गेलं, ज्याला काही दिवस दारू तोडली गेली, त्यात दोनदा गाळलेली कडक दारू एकदम ओतली तर गंजाची फारशी गरज उरत नाही. पण गंज महत्त्वाचा आहेच, तो दुसऱ्या अर्थाने. पहारा बसला तेव्हा दारू थांबली नाही. ती फक्त चांगल्या सुरईतून बंदुकीच्या नळीत गेली. किती आहे, कशात आली, त्यात काय मिसळलं हे पिणाऱ्याला कळायचा मार्ग बंद झाला.

आता तिसरा भाऊ पाहा, स्वतः जहांगीर. तो अठराव्या वर्षी अटकच्या छावणीत शिकारीने थकून आला असताना पहिला दीड पेला प्यायला. पुढे द्राक्षाची दारू चढेनाशी झाली तेव्हा गाळलेली कडक दारू सुरू झाली. नऊ वर्षांत मजल गेली दोनदा गाळलेल्या दारूच्या वीस पेल्यांवर, चौदा दिवसा आणि बाकीचे रात्री. तो स्वतःच कबुली देतो की हात इतके थरथरायचे की पेला धरता येत नसे, दुसऱ्याने पाजावं लागे. अन्न जवळजवळ सुटलं होतं.

तेव्हा त्याने हकीम हुमामला बोलावलं. हकीमने मुलाहिजा ठेवला नाही. असंच चाललं तर सहा महिन्यांनी इलाज राहणार नाही, असं तोंडावर सांगितलं. आणि मग जे झालं ते आजच्या डॉक्टरांनाही ओळखीचं वाटेल. जहांगीरने एका झटक्यात सोडली नाही. कडक दारूत दुप्पट द्राक्षाची दारू मिसळून ती सौम्य केली. पेले हळूहळू कमी केले. सात वर्षांत वीसचे सहा झाले. दिवसाचं पिणं बंद करून रात्रीवर आणलं. जुम्याच्या रात्री पेला हातात धरायचा नाही असं ठरवलं.

तो सुफी झाला नाही. दारूची जागा भरायला त्याने अफूचं माजून घेतलं आणि पुढे अफूही कायमची चिकटली. गादीवर बसताच राज्यात दारू गाळण्याला आणि विकण्याला मनाई करणारा हुकूम काढला आणि त्याच हुकमात, मी मात्र अठराव्या वर्षापासून पितो, हेही लिहून ठेवलं. १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, तीही टिकली नाही. ज्याला आदर्श म्हणावं असा हा माणूस नव्हे. पण हिशोब करा. मुराद एकोणतिसाव्या वर्षी गेला, दानियाल बत्तीसाव्या. जहांगीर अठ्ठावन्न वर्षं जगला. एकाच बापाचे मुलगे, एकच व्यसन. एकावर पहारा बसवला गेला. दुसऱ्याला त्याच्या हकीमने मरणाची तारीख सांगितली आणि मग पायरीपायरीने खाली उतरू दिलं.

इथे कोणी म्हणेल, सर, तुम्ही बादशहांचे दाखले देता, दीन काय सांगतो ते सांगा. सांगतो. दारू हराम आहे, यात दुमत नाही. पण ती हराम कशी झाली हे आपण मुलांना मदरशात शिकवतो आणि मोठेपणी विसरतो. आधी सूरह बकरामध्ये सांगितलं गेलं की तिच्यात काही फायदा असला तरी तिचं पाप फायद्याहून मोठं आहे. मग सूरह निसामध्ये नशेत नमाजजवळ जायला मनाई झाली. पाच वेळची नमाज पढणाऱ्याला दिवसा पिणं त्यामुळे आपोआप अशक्य झालं. शेवटी सूरह माइदामध्ये पूर्ण बंदी आली, आणि मदिन्याच्या गल्ल्यांत लोकांनी स्वतः दारू ओतून दिली. बंदी पूर्ण होती, पण ती तिसरी पायरी होती. ज्याने माणूस घडवला त्याने माणसाला वेळ दिला. मी माझ्या विद्यार्थ्याला एक रात्रही दिली नव्हती.

आणखी एक प्रसंग सही बुखारीत आहे. पिण्याबद्दल वारंवार शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणीतरी शिव्याशाप दिले, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याला रोखलं. या माणसाचं अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम आहे, असं सांगितलं. शिक्षा झाली, पण त्याला जमातीतून काढलं नाही. आपल्या मोहल्ल्यात नेमकं उलट होतं. शिक्षाही नाही, मदतही नाही, फक्त पाठीमागे कुजबुज. त्या कुजबुजीमुळेच चाचा डॉक्टरांपुढे गप्प राहिले, आणि मीही.

इंग्रजांच्या काळातली एक गोष्टही सांगण्यासारखी आहे. १८९३ मध्ये लंडनच्या पार्लमेंटात प्रश्न निघाला की हिंदुस्थानातला गांजा लोकांना वेडं करतो, तो बंद का करत नाही? मग एक आयोग नेमला गेला. त्यात इंग्रजांबरोबर तीन हिंदी सदस्यही होते. त्याने देशभर फिरून जवळजवळ बाराशे साक्षी घेतल्या, आपल्या मध्य प्रांतातही. आरमोरी तेव्हा त्याच मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होती, आणि प्रांताचा गांजा खांडव्याच्या बाजूला पिकत होता. १८९४ मध्ये अहवाल आला. आयोगाने वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी एकेक करून तपासल्या. त्यांना दिसलं की वेडाचं कारण म्हणून 'गांजा' हा शब्द बहुतेक वेळा चौकशी न करताच लिहिला गेला होता. जास्त सेवन घातक, हे त्यांनी मान्य केलं. पण सरसकट बंदी घातली तर लोक त्याहून वाईट नशेकडे वळतील, म्हणून लागवड मोजकी ठेवा, परवाने कमी करा, कर लावा, नजर ठेवा, असं त्यांचं मत पडलं. सरकारला करातून पैसा मिळत होता हे विसरू नये. तरीही आरोप करण्याआधी इस्पितळाचं रजिस्टर उघडून पाहणं ही सवय त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे.

पुढे १९८५ मध्ये अंमली पदार्थांचा कडक कायदा आला. त्याच दशकात मुंबई-पुण्याच्या पोरांना गर्द नावाच्या भुकटीने गिळलं. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये डॉ. सुनंदा अवचट यांच्यासह पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं. पु. ल. देशपांडे त्यामागे उभे राहिले. तिथे येणाऱ्याला गुन्हेगार न म्हणता रुग्ण म्हटलं गेलं. हे आज साधं वाटतं, तेव्हा साधं नव्हतं. नंतर सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही पसरू लागला, तेव्हा सरकारच्याच एड्स नियंत्रण कार्यक्रमाने स्वच्छ सुया आणि अफूजन्य नशेच्या जागी मोजून दिलेलं औषध देणं सुरू केलं. याला परवानगी म्हणत नाहीत. माणूस जिवंत राहिला तर उद्या तौबा करेल, मेला तर नाही, एवढाच त्यामागचा हिशोब. अंमली पदार्थांच्या कायद्यातही व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं कलम आहे. ते लोकांना माहीतच नसतं.

आता आपल्या घरी येऊ. गडचिरोलीची दारूबंदी वरून लादलेली नव्हती. १९८० च्या दशकाच्या शेवटी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'च्या आधाराने, गावोगावच्या बायांच्या रेट्याने चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात बंदी आली. लोकांनी मागून घेतलेली बंदी म्हणून तिचं नाव देशात झालं. २०१६ पासून 'मुक्तिपथ' गावात, शाळेत, बाजारात दारू आणि तंबाखूविरुद्ध काम करतं आहे. शेजारच्या चंद्रपुरात पारोमिता गोस्वामींच्या 'श्रमिक एल्गार'ने बायांना घेऊन चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला. तिथे १ एप्रिल २०१५ ला बंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठवली गेली.

या बायांबद्दल मला फार आदर आहे. नवऱ्याच्या हातची मार खाल्लेली बाई बंदी मागते तेव्हा ती कुठल्याही पुस्तकाहून खरं बोलत असते. दारूचं दुकान चौकात नसणं, पोराला ते शाळेच्या वाटेवर न दिसणं, याची किंमत मला शिक्षक म्हणून कळते. बंदी उठवा असं मी म्हणत नाही. पण वैनगंगा आडवी पडली आहे आणि तिच्यावर पूल आहे. पलीकडे ब्रह्मपुरी, चंद्रपूर जिल्हा, दुकान उघडं. अलीकडे आरमोरी, बंदी. जो पिणारा आहे तो पुलावरून जातो, किंवा कोणी त्याच्यासाठी घेऊन येतो. मग अंधारात, घाईत, पकडले जाऊ या भीतीने दहा मिनिटांत बाटली रिकामी होते. गोंड-माडिया घरात देवाला आणि पाहुण्याला लागणारी मोहाची दारू वेगळी. ती पानाच्या दोन्यात, चार माणसांत, प्रसंगाने घेतली जाते. आणि विकण्यासाठी गूळ-नवसागर टाकून चोरून गाळलेली वेगळी. तिच्यात काय आहे हे गाळणाराही नीट सांगू शकत नाही. ती बंदुकीच्या नळीतली दारू.

नळीत काय असू शकतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००४ च्या अखेरीस विक्रोळीत, मग जून २०१५ मध्ये मालवणीत. मालवणीत शंभरावर माणसं गेली. कारण मिथेनॉल, कारखान्यात लागणारं अल्कोहोल. चवीला आणि वासाला ते साध्या दारूसारखंच. पण शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल बनतं, ते आधी डोळ्यांची नस खातं आणि मग जीव. फसवणूक अशी की सुरुवातीचे बरेच तास काही वाटत नाही. पिणारा झोपतो, दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे पांढरं दिसू लागतं, पोटात कळा येतात, दम लागतो. याला उतारा आहे, दवाखान्यात औषध आहे, रक्त धुण्याची सोय आहे. पण तो तासांचा खेळ आहे. जो "आम्ही मुसलमान आहोत" म्हणून किंवा पोलीस येतील म्हणून घरी पडून राहतो, त्याचे तास संपतात.

म्हणून, मौलवी नाही, डॉक्टरही नाही, एक चुकलेला शिक्षक म्हणून काही गोष्टी सरळ लिहितो. ज्या घरात गरज नाही त्यांनी दुसऱ्यांना सांगाव्यात.

रोज भरपूर पिणाऱ्याला झटक्यात सोडायला लावू नका, आणि त्याने स्वतः ठरवलं असेल तर आधी डॉक्टरकडे न्या. रमजान सोडण्याचा उत्तम महिना आहे, पण तयारी शाबानमध्ये करा. हळूहळू कमी करणं म्हणजे हराम चालू ठेवणं नव्हे का, असं मला एका बुजुर्गांनी विचारलं. त्यांना मी डॉक्टरांकडून कळलेलं सांगितलं. दवाखान्यात दारूच्या जागी गोळ्या देतात, शिरा आणि मेंदू सांभाळायला बी-१ जीवनसत्त्वाची सुई देतात, आणि काही दिवसांत गोळ्याही कमी करत आणतात. दारूचा थेंब लागत नाही. जहांगीरच्या हकीमकडे जे नव्हतं ते आज आहे. त्या दिवसांत तो माणूस आजारी आहे. आजाऱ्याला रोजा नंतर कजा करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. आलिमांना जरूर विचारा, पण डॉक्टरकडे जाऊन आल्यावर.

सोडल्यानंतर थरकाप, झटके, भास, तापासारखं अंग, बडबड दिसली तर ती सावली नाही. १०८ ला फोन करा. पिऊन बेशुद्ध पडलेल्याला उताणा टाकू नका, कुशीवर वळवा, म्हणजे ओकारी श्वासनळीत जाणार नाही. झोपू दे, उतरेल, असं म्हणून एकटं सोडू नका. दारूवर झोपेच्या गोळ्या किंवा खोकल्याचं नशेचं औषध हे दोन कुलपं लावून श्वास बंद करण्यासारखं आहे. दृष्टी धूसर झाली तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरला खरं सांगा. काय घेतलं, किती, कधी, शेवटचं केव्हा. डॉक्टर पोलीस नसतो. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फुकट फोन नंबर आहे. तिथे नाव सांगायची जबरदस्ती नाही.

आणि खर्रा. तो हराम म्हणून कोणी सांगितला नाही, म्हणून आपण त्याला नशा म्हणत नाही. पन्नीत घोटलेला तो सुपारी-तंबाखू-चुना माझ्या आठवीतल्या मुलांच्या खिशात सापडतो. तंबाखू मुघल दरबारात पोचली तीच दख्खनमधून, असद बेगने विजापूरहून आणून अकबराला दाखवली. तेव्हाही हकीमांत वाद झाला. मग धूर पाण्यातून नेला की निर्धोक होतो, अशी समजूत रुजली आणि हुक्का घरोघरी गेला. पाण्याने धूर थंड होतो, विष जात नाही. तेव्हा नुकसान कमी करणारी प्रत्येक युक्ती खरी असतेच असं नाही. ती तपासावी लागते. खर्ऱ्यात कमी घातक असा प्रकार नाही, तोंड उघडणं कमी झालं किंवा पांढरा चट्टा दिसला की दाखवायला जाणं एवढंच हातात आहे.

माझा तो विद्यार्थी आता कसा आहे, असं तुम्ही विचाराल. मध्ये एकदा घसरला. तेव्हा तो लपला नाही, माझ्याकडे आला, हे मला सुटण्याइतकंच मोठं वाटतं. आम्ही दोघं पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेलो. यंदाच्या शाबानमध्ये त्याने स्वतः आणखी एका पोराला सोबत नेलं. त्या पोराचे वडील दाराशी थांबले होते, आत यायला तयार नव्हते. तेव्हा दोन वर्षांपूर्वी "आम्ही मुसलमान आहोत" म्हणणारे चाचा, जे आता काठी घेऊन चालतात, त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, "चला भाई, आत चला. डॉक्टरला सगळं सांगावं लागतं. मी नव्हतं सांगितलं."